खिळ्यावरची पाटी

तुमच्या हाताखाली काम करणारी बाई आज सकाळपासून किती पाणी प्यायली, ते तुम्हाला सांगता येईल?

घाईनं पुढं वाचू नका, आठवून बघा. ती किती वाजता आली ते तुम्हाला माहीत असतं. काम किती झालं, किती राहिलं, मध्ये फोन किती वेळा बघितला, हेही माहीत असतं. पाण्याचं माहीत नसतं. मलाही नव्हतं. आणि ज्या माणसाला ते सगळ्यात आधी माहीत असायला हवं होतं, त्या सुभेदार जोतिराम बागलांना ते कळायला वयाची अठ्ठावन्न वर्षं जावी लागली आणि एका बाईची अब्रू जावी लागली.

कवठे महांकाळच्या बाहेर, डांबरी रस्ता संपून मुरूम सुरू होतो तिथं बेदाणा निवडायची एक शेड आहे. वाळलेला बेदाणा धुऊन, चाळून एका लांब रबरी पट्ट्यावर येतो. पट्टा सरकत राहतो. त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका त्यातल्या काड्या, काळे मणी, खडे उचलून बाजूला टाकतात. पट्टा थांबत नाही, म्हणून हातही थांबत नाहीत. अशा चाळीस बायका. मी तिथं हजेरी लिहायला आणि खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला होते. माझं टेबल सुभेदारांच्या टेबलाला लागून होतं.

सुभेदार मूळचे वडूजकडचे. तिकडं घरटी एक माणूस सैन्यात असतो, यांच्या घरात तीन होते. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून ते परत आले, वर्षभर घरी बसले, शेतातल्या बांधाशी आणि बायकोशी भांडले, आणि मग सांगलीतल्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं त्यांना शेडवर मॅनेजर म्हणून आणलं. "मला कडक माणूस पाहिजे," असं मालक म्हणाले होते. सुभेदार हे वाक्य अभिमानानं सांगायचे, जसं काही ते छातीवरचं पदक आहे.

सडसडीत बांधा, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, इस्त्रीची घडी कोयत्याच्या धारेसारखी. गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे काम सुरू, दोन म्हणजे जेवण, तीन म्हणजे सुट्टी. टेबलावर एक निळा पत्र्याचा मग, त्याचा कान नेहमी उजवीकडं. एकदा मी तो चुकून डावीकडं फिरवून ठेवला. त्यांनी कान उजवीकडं केला आणि माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले की मला माझं नाव विसरायची वेळ आली. मला ते "क्लार्कसाब" म्हणत. मी तेवीस वर्षांची होते आणि साब तर मुळीच नव्हते.

शेडच्या दारात चपला काढायच्या जागेवर त्यांनी चुन्यानं चौकटी आखल्या होत्या, एक ते चाळीस. आपली चप्पल आपल्या चौकटीत. चौकटीबाहेर दिसली की ती त्यांच्या टेबलाखाली जमा व्हायची आणि त्या बाईला जेवणाच्या सुट्टीत तापलेल्या मुरुमावरून अनवाणी जावं लागायचं. एप्रिलमध्ये सुद्धा. कुणी गयावया केली तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "नियमाला आय न्हाई आनि बा न्हाई. त्याच्याकडं कुणाचा वशिला चालत न्हाई."

पट्ट्याच्या टोकाला बसणाऱ्या पारूबाई, वय साठीचं, जीभ विशीची, एकदा म्हणाल्या होत्या, "आवं सुभेदार, आय-बा नसल्यालं पोर गावात बेवारशी हिंडतंय. तुमचा नियम तसाच दिसतोय." सगळा पट्टा हसला. सुभेदारांनी शिट्टी वाजवली. शिट्टीनं हसू थांबतं, हा शोध त्यांचा होता.

आणि मग ती पाटी.

वीतभर लांबीची लाकडी फळी, लाल रंग दिलेला, वर पांढऱ्या अक्षरात 'बाहेर' असं लिहिलेलं. सुभेदारांच्या टेबलामागं भिंतीत एक मोठा खिळा होता, त्याला ती टांगलेली असायची. संडासला किंवा लघवीला जायचं असेल तर उठायचं, चाळीस जणींच्या देखत टेबलापर्यंत यायचं, पाटी काढायची, जाऊन यायचं, पाटी परत लावायची. पाटी एकच. म्हणजे एका वेळी एकच बाई शेडबाहेर. खिळा रिकामा असेल तर बसून राहायचं. सुभेदार वहीत वेळ लिहीत, गेल्याची आणि आल्याची. कुणाला सात मिनिटं लागली तर म्हणत, "शेतात गेल्तीस का गं?"

या पाटीवर उपाय बायकांनी शोधून काढला होता. त्या पाणी पीत नव्हत्या. सकाळी घरून निघताना नाही, शेडवर नाही, जेवताना दोन घोट, तेवढेच. शेडच्या कोपऱ्यातला माठ भरलेला असायचा आणि संध्याकाळी तसाच भरलेला रिकामा केला जायचा. पत्र्याची शेड, वैशाखाचं ऊन, आणि चाळीस कोरडे घसे.

माझे वडील आयुष्यभर सांगलीत पत्रकं वाटत आले. आमच्या घरात अंथरुणापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या कोऱ्या पाठीवर. अन्याय, पिळवणूक, एकजूट हे शब्द मला आधी वाचता आले आणि माझं आडनाव नंतर. तरीही मी त्या खिळ्यापासून चार हातांवर बसून दोन वर्षं चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि पाटीबद्दल चकार शब्द काढला नाही. हे इथंच लिहून टाकते. पुढचं वाचताना मला बाजूला ठेवू नका.

त्या वर्षी उन्हाळ्यात सुभेदार स्वतःच सारखे उठायला लागले. आधी तासाला एकदा, मग अर्ध्या तासाला. जायचे आणि दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं यायचे नाहीत. वयाचं दुखणं होतं. पुरुषांना होतं ते. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण चाळीस बायकांपासून काय लपतं? पारूबाईंनी मोका साधला. सुभेदार उठले तशा त्या पट्ट्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "का वं सुभेदार, पाटी इसरला जनू. नियमाला आय-बा नसत्यात न्हवं?"

मला वाटलं आता शिट्टी वाजणार. सुभेदार जागच्या जागी थांबले. वळले. खिळ्यावरची पाटी काढली, वहीत स्वतःची वेळ लिहिली आणि पाटी हातात घेऊन बाहेर गेले.

त्या दिवसापासून ते प्रत्येक वेळी पाटी घेऊनच गेले. परत आले की स्वतःच्या नावापुढं मिनिटं लिहायचे. अकरा. चौदा. नऊ. मला एकदा म्हणाले, "बघ क्लार्कसाब. मी माजी बी सूट घेत न्हाई. पल्टनीत हेच शिकलो." त्यांच्या डोळ्यांत खरंच समाधान होतं. आपण न्यायी आहोत, याची त्यांना खात्री पटली होती. पाटी एकच आहे आणि ती पंधरा मिनिटं आपल्या हातात आहे, याचा अर्थ काय होतो, हे त्या न्यायी माणसाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. आलं असेल तर मी ते बाजूला सारलं.

सुलाबाई पट्ट्याच्या मधोमध बसायच्या. पस्तिशीच्या, अंगानं किरकोळ, हाताला विलक्षण वेगवान. काळा मणी त्यांच्या बोटांना डोळे मिटूनही सापडायचा. आठ दिवस त्यांच्या ओटीपोटात दुखत होतं, लघवीला जळजळ होत होती. पाणी न पिण्याचं दुखणं. शेजारणीला त्या सांगत होत्या ते मी ऐकलं होतं. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला त्या उठून टेबलापाशी आल्या. खिळा रिकामा होता. सुभेदार नुकतेच पाटी घेऊन गेले होते.

"क्लार्कताई," त्या हळू म्हणाल्या, "जाऊन येऊ का? लय कळ लागलीया."

मी 'जा' म्हणायला पाहिजे होतं. एक अक्षर. मी म्हणाले, "येतीलच आता."

त्या परत जाऊन बसल्या. परत उठल्या. दाराकडं बघितलं. दाराबाहेर पाय टाकायची हिंमत झाली नाही, कारण पाटीशिवाय बाहेर गेलेल्या एका बाईला मागच्या महिन्यात सुभेदारांनी आठ दिवस घरी बसवलं होतं. त्या पट्ट्याजवळ उभ्या राहिल्या, एका हातानं कडेचा लोखंडी पाइप धरून. आणि मग त्यांच्या पायाखालची फरशी ओली झाली.

कुणी हसलं नाही. हे सांगायला हवं. आधी कुणी काहीच केलं नाही. पट्टा चालत राहिला. पारूबाई उठल्या, आपल्या डोक्याचं फडकं सोडून त्यांनी फरशीवर टाकलं, आणि सुलाबाईंना आडोशाला न्यायला हात पुढं केला. सुलाबाईंनी तो घेतला नाही. त्या सरळ चालत दारात गेल्या. चौकट क्रमांक सतरामधली चप्पलही त्यांनी घेतली नाही.

सुभेदार परत आले तेव्हा त्या मुरुमाच्या रस्त्यावर लांब गेल्या होत्या. त्यांनी फरशीवरचं फडकं बघितलं, सतरा नंबरची चप्पल बघितली, हातातली पाटी बघितली. वही उघडली. पेन हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. त्या दिवशी त्यांच्या नावापुढं मिनिटं लिहिलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला सुलाबाईंचं घर विचारलं. मी त्यांच्या दुचाकीवर मागं बसून वस्तीपर्यंत गेले. ती सतरा नंबरची चप्पल त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून हँडलला पिशवीत अडकवली होती. सुलाबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सुभेदार त्यांच्यासमोर टाचा जुळवून उभे राहिले. दुसरं कसं उभं राहायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"चुकलो मी," ते म्हणाले.

सुलाबाई शेंगा फोडत राहिल्या. "तुमी कुटं चुकला? पाटी तुमी नियमानंच न्हेली. चुकले मी. दार उगडंच हुतं की. माजं पाय भ्यालं."

"उद्यापासनं पाटी न्हाई. तू ये परत."

"तुमी नियम बदलशीला, सुभेदार," त्या म्हणाल्या, "पर बघितलंय चाळीस जनींनी. त्यांचं डोळं कसं बदलशीला?"

सुभेदारांनी हँडलवरच्या पिशवीतली चप्पल आणून त्यांच्या पायाशी ठेवली. सुलाबाई उठल्या, आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. सुभेदार नको म्हणून हात हलवायला लागले. प्रवासाला निघताना तेही पाणी पीत नसत, मधे कुठं थांबावं लागू नये म्हणून.

"प्या की," सुलाबाई म्हणाल्या. "हितं पाटी न्हाई."

ते उभ्यानं सगळा तांब्या प्यायले. शर्टाच्या इस्त्रीवर पाणी सांडलं. परत येताना वाटेत दोनदा दुचाकी थांबवून ते बाभळीआड गेले. तिसऱ्यांदा थांबले ते नुसतेच. "क्लार्कसाब," म्हणाले, "बर्फात मी माज्या पोरांचे पाय रोज संध्याकाळी बघायचो. बूट काडायला लावून. बोट काळं पडलं का, बधिर झालं का. हाताखाली तीस पोरं हुती, एकाचं बी बोट जाऊ दिलं न्हाई." मग गाडीच्या आरशात बघितलं. "हितं आलो आनि नुसते हात बघितले."

सुलाबाई परत आल्या नाहीत. कधीच नाही.

माणूस बदलतो म्हणतात, तो कसा बदलतो हे मी टेबलापलीकडून बघितलं. आधी हास्यास्पद दिसतो. पाटी त्यांनी खिळ्यावरून काढली आणि डगमगणाऱ्या माठाखाली टेकू म्हणून सरकवली. दुसऱ्या दिवशी शिट्टी मारून सगळ्यांना उभं केलं आणि परेडच्या आवाजात ओरडले, "कुनाला काय त्रास हाय? एकेकीनं सांगायचं! डावीकडनं सुरू!"

डावीकडच्या पहिल्या बाईनं पदर तोंडाला लावला.

"आवं," पारूबाई म्हणाल्या, "बंदूक रोखून इचारल्यावर कोन सांगंल? मला तर नसल्यालं दुकनं बी बरं झालं."

मग त्यांनी वही काढली. तीच वही, ज्यात मिनिटं असायची. ती उलटी करून मागच्या बाजूनं लिहायला लागले, कुणाची मान दुखते, कुणाचं पोर आजारी आहे. वही दिसली की बायका अधिकच गप्प व्हायच्या. वहीला त्या भ्यायला शिकल्या होत्या, आणि माणूस बदलला म्हणून वही बदलत नाही. आठवड्यानं सुभेदारांना ते उमजलं. वही त्यांनी माझ्या टेबलाच्या खणात टाकली आणि म्हणाले, "कुलूप लाव."

त्यानंतर एका दुपारी ते एक स्टूल घेऊन सुलाबाईंच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले आणि बेदाणा निवडायला लागले. इतकं वाईट निवडायचे की पलीकडच्या बाईला त्यांच्या वाटचे काळे मणी उचलावे लागायचे. "आवं, डोळं कुटं हाईत? ह्ये बगा, ह्यो काळा. सैन्यात दुश्मन वळकत हुता का न्हाई?" आणि गंमत अशी, की हात कामात असले आणि नजर पट्ट्यावर असली की बायका बोलायच्या. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं नसतं, म्हणून बोलायच्या. सुभेदार मान खाली घालून ऐकायचे. उत्तर द्यायचे नाहीत. उत्तर न देणं त्यांना किती जड जात होतं ते त्यांच्या जबड्यावर दिसायचं.

असं ऐकता ऐकता त्यांना कळलं की बायकांच्या संडासाला आतून कडी नाही, एकीला दार धरून उभं राहावं लागतं आणि पाटी एकच असल्यामुळं दार धरायला कुणी येऊ शकत नव्हतं. इतकी वर्षं. त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतः कडी बसवली. बसायची फळी पट्ट्यापेक्षा खाली आहे म्हणून माना दुखतात, तर फळीखाली विटा घातल्या. शिट्टी गळ्यातून गेली. चुन्याच्या चौकटी पुसल्या नाहीत, पण परत आखल्याही नाहीत. माठ दुपारपर्यंत रिकामा व्हायला लागला, आणि तो परत भरायला सुभेदार स्वतः जायचे. एकदा पारूबाई मला म्हणाल्या, "मानूस वाईट न्हवता गं. त्याला कुनी हाक मारली न्हवती."

इथं थांबले असते तर ही गोष्ट तुम्हाला आवडली असती. कठोर साहेब, एक धक्का, मऊ झालेला साहेब. अशा गोष्टी मोठ्या कंपन्यांच्या शिबिरांत सांगतात म्हणे, वर चहा-बिस्किटंही देतात. पण शेड सुभेदारांची नव्हती.

मालक सांगलीत बसायचे. त्या हिवाळ्यात त्यांनी शेडमध्ये कॅमेरे लावले होते आणि दुकानात बसून मोबाइलवर पट्टा बघायचे. त्यांना दिसलं काय, तर मॅनेजर बायकांमध्ये स्टुलावर बसलाय, खिळा रिकामा आहे आणि एका वेळी तीन-तीन बायका दाराबाहेर जाताहेत. ते गाडी घेऊन आले. गृहस्थ वाईट नव्हते, आवाज चढवला नाही, सुभेदारांना आधी त्यांच्या तब्येतीचं विचारलं. मी चिठ्ठ्या चिकटवत होते.

"सुभेदार, तुम्ही पूर्वी किती छान काम करत होता," ते म्हणाले.

सुभेदार म्हणाले, "माल कमी निगतोय का?"

"तसं नाही. पण हे दिसायला बरं दिसत नाही. उद्या दुसऱ्या शेडवाल्यांनी बघितलं तर? शिस्त राहत नाही. बाकी काही नको, ती पाटी तेवढी परत लावा."

सुभेदारांनी मगाचा कान उजवीकडं केला. मग डावीकडं केला. "मालक," म्हणाले, "ते मला आता न्हाई जमायचं."

"मग बघा," मालक म्हणाले. एवढंच. कुणी कुणाला काढलं नाही, कुणी कुणावर ओरडलं नाही. महिना भरला की नवा माणूस येणार होता.

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. वडिलांच्या तालमीतलं. 'महिला कामगारांनो, जाग्या व्हा' इथून सुरुवात, नफेखोरीवर दोन परिच्छेद, शेवटी एकजुटीची हाक. सकाळी ते सुभेदारांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं.

"झ्याक लिवलंयस," म्हणाले. "सगळं हाय ह्यात. मुतारी कुटं हाय?"

मी परत बघितलं. नव्हती. संडास, कडी, पाटी, माठ, सुलाबाई यातलं काहीच नव्हतं. मला लिहिताना ते शब्द पत्रकात बसण्याजोगे वाटले नव्हते.

"आनि माजं नाव काड," ते म्हणाले. "मी काय मार खाल्ल्याला न्हाई. मी मारल्याला हाय."

मी दुसरं पत्रक लिहिलं, त्यात मुतारी होती. पारूबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि घडी घालून कनवटीला लावलं. "खरं हाय समदं," म्हणाल्या. "पर पोरी, सुभेदारासाठी कोन उटंल? आट म्हयनं बरा वागला म्हनून? आनि उटून जायाचं कुटं? हितनं म्होरल्या शेडला? तितं बी खिळा असतोयच."

कुणी उठलं नाही. सुभेदारांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते निळा मग पिशवीत घालून दारात आले. पट्टा चालू होता, कारण नवा मॅनेजर टेबलाशी उभा होता. तरुण, नीटनेटका, हातात दोन मोबाइल. सुभेदार चपला घालायला वाकले आणि तसेच थांबले. सगळ्या चपला चुन्याच्या पुसट चौकटींत ओळीनं लावलेल्या होत्या, एक ते चाळीस, फक्त सतरा नंबर रिकामा. तो त्यांना दिलेला निरोप होता की नव्या माणसाची भीती, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनाही आलं नसावं. मग ते आपल्या चपला घालून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी नव्या मॅनेजरनं माठ हलवायला लावला, खालची पाटी काढली, पुसली आणि भिंतीकडं बघितलं. आठ महिने सगळं बदललं होतं, पण खिळा कुणी उपटला नव्हता. सुभेदारांनी नाही आणि मीही नाही. पाटीवर माठाच्या बुडाचा गोल डाग उमटला होता, तो काही गेला नाही. त्या डागासकट ती परत टांगली गेली. संध्याकाळी माठ भरलेलाच ओतून दिला.

मी तिथं आणखी चार महिने टिकले. मग सांगलीला परत आले.

मागच्या महिन्यात एका दुपारी कामासाठी एका मोठ्या इमारतीत जायचं होतं. फाटकात एक वॉचमन उभा होता, निळा गणवेश खांद्यावरून ओघळत होता, टोपी एक माप मोठी. पाठ मात्र ताठ. चेहऱ्याआधी मी सुभेदारांचा आवाज ओळखला. ते फोनवर बोलत होते.

"सर, दोन मिंटं जाऊन येऊ का? ... व्हय सर. ... न्हाई सर, सकाळधरनं एकदाच गेलोय. ... बरं सर, त्यो आल्यावर जातो."

फोन ठेवून त्यांनी मला बघितलं. ओशाळले नाहीत. एकदम हसले. "काय क्लार्कसाब! पानी पितीस का न्हाई?"

ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते. सुलाबाई पाइप धरून अशाच उभ्या होत्या.

"जाऊन या, सुभेदार," मी म्हणाले. "मी थांबते."

"आगं, कॅमेरा हाय. फोन येईल."

"जावा म्हणते न्हवं."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला, टोपी स्टुलावर ठेवली आणि इमारतीच्या मागच्या बाजूला गेले. छोटी छोटी घाईची पावलं, तरीही डावा-उजवा चुकत नव्हता. दोन गाड्या आल्या, मी फाटक उघडलं, लावलं. फोन वाजला. मी तो वाजू दिला. जुनी सवय. परत वाजला तेव्हा उचलला.

"कुठं गेला होता रे?" पलीकडून एक कोवळा आवाज.

"तुमचा माणूस लघवीला गेलाय," मी म्हणाले. "येईल त्याचं झालं की."

मग, "तुम्ही कोण?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. फोन कट झाला.

सुभेदार आले. मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "कशाला उचललास गं," म्हणाले. "आता दुसऱ्या गेटला टाकतील. न्हाईतर घरी." मग घड्याळ बघितलं आणि थकलेलं हसले. "चौदा मिंटं. लिवून ठेव." टोपी घातली, टाचा जुळवल्या आणि येणाऱ्या गाडीसाठी फाटक उघडायला वळले. मी बघितलेले सुभेदार ते शेवटचे. आठवड्यानं मी मुद्दाम गेले, तर तिथं दुसराच माणूस उभा होता. सुभेदार कुठं गेले, त्यालाही माहीत नव्हतं.

एकटीनं केलं म्हणून असं झालं. एकटीनं केलं की ती लुडबुड ठरते आणि त्याची किंमत दुसराच माणूस देतो. म्हणून हे, माझं तिसरं पत्रक, तुमच्यापर्यंत आणलंय. सुभेदारांना बदलायला आठ महिने मिळाले, त्यांच्यावरचे बदलतील याची मला काही आशा नाही. तुमच्याकडं मी फार मागत नाही, पण जे मागते ते सगळ्यांनी करायचं आहे. उद्या तुमच्या सोसायटीच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या फाटकात जो उभा असेल, त्याच्यापाशी थांबा. त्याला म्हणा, "जाऊन या, मी आहे." तो येईपर्यंत तिथं उभे राहा, मग चौदा मिनिटं लागोत की वीस. त्याचा फोन वाजला तर पहिल्याच वेळी उचला आणि माणूस कुठं गेलाय ते खरं सांगा. आणि तुमच्या स्वतःच्या कामाच्या जागी भिंतीत कुठं तसा खिळा असेल, तर नुसती पाटी काढू नका. खिळा उपटा.